पूर्णगडच्या बाळाचं रक्त

"उद्या सकाळी उपाशीपोटी या," असं मी एका निवृत्त गुरुजींना सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी ते वेळेवर आले, रक्त दिलं आणि वाढलेली साखर पाहून माझ्याकडेच चष्म्यावरून बघायला लागले. मी विचारलं, "गुरुजी, काही खाऊन आला होतात का?" तर म्हणाले, "छे! उपासच केला. साबुदाण्याची खिचडी तेवढी घेतली, तीही थोडीशीच." त्या दिवसापासून मी माझं वाक्य बदललं. "पाण्याशिवाय काही नको. खिचडी नको, केळं नको, चहाही नको." आंब्याच्या दिवसांत त्यात आंबाही घालावा लागे.

मंडणगडकडचे एक आजोबा रक्त देऊन झाल्यावरही बाकावरून उठेनात. मला वाटलं, चक्कर आली असेल. जवळ गेले तर हळूच म्हणाले, "तपासून झाल्यावर उरंल ना काय? उरला तर परत द्या. लांबून आलोय." ते थट्टा करत नव्हते. त्यांना समजावताना मी हसले नाही, याचा मला अजून अभिमान आहे.

रत्नागिरीतल्या एका छोट्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी बत्तीस वर्षं काम केलं. लोकांना वाटतं, आमचं काम म्हणजे सुई टोचणं. सुई टोचायला अर्धं मिनिट लागतं. खरं काम त्याच्या आधी आणि नंतर असतं. आधी शीर शोधायची. नंतर रक्त बरोबर नळीत घालायचं. जांभळ्या झाकणाच्या नळीतलं रक्त गोठत नाही, लाल झाकणाच्या नळीतलं मुद्दाम गोठू द्यायचं. मग यंत्रात गरगर फिरवून वरचं पिवळं पाणी वेगळं काढायचं, तपासायचं आणि आलेले आकडे रकान्यांत भरायचे. माणसाचं नाव आणि नळीवरचं नाव एकच आहे ना, हे तीनदा बघायचं. आणि शेवटचा नियम असा, की रिपोर्टाबद्दल तोंड उघडायचं नाही. "काय आलंय हो ताई?" असं कोणीही विचारलं, तरी "डॉक्टरांना दाखवा" हेच उत्तर. तो नियम चांगला आहे. पण तो मी एकदा गरजेपेक्षा जास्त पाळला. त्याचीच ही हकीकत.

लहान बाळांच्या शिरा मला सापडायच्या. त्यात माझं कर्तृत्व फारसं नाही, बोटांना ते कळायचं. दोन महिन्यांच्या बाळाच्या हाताची शीर दोऱ्याएवढी असते आणि पुष्कळदा ती दिसतही नाही. डोळे दुसरीकडे ठेवून बोटाच्या टोकानं ती चाचपावी लागते. त्यामुळे गावातली अवघड बाळं माझ्याकडे पाठवली जात. अलिना तशीच आली. ही चार-पाच वर्षांपूर्वीची गोष्ट.

अलिना पूर्णगडची. वडील नासिर मच्छीमार बोटीवर खलाशी, आई रुबिना घर सांभाळून मासळी सुकवण्याचं काम करणारी. सोबत रुबिनाची सासू असायची. तिला घरात सगळे दादी म्हणत, म्हणून मीही म्हणायला लागले. पहिल्यांदा आली तेव्हा अलिना पाच महिन्यांची होती. अंगावर पुरळ, पोट जरा मोठं आणि श्वास घेताना छातीच्या फासळ्यांमध्ये खड्डे पडायचे. दुधाच्या दोन घोटांमध्ये दम खायला थांबायची.

"हिला साधी सर्दी झाली का छाती वाजाया लागते," रुबिना म्हणाली. "घरात कुणी शिंकला तरी मी हिला उचलून भायेर नेते."

आमच्या गावातल्या बालरोगतज्ज्ञ बाईंनी यकृताच्या तपासण्या लिहून दिल्या होत्या, कारण पोट तपासताना यकृत हाताला लागत होतं. मी रक्त काढलं, आकडे भरले. दीड महिन्यानं पुन्हा तोच प्रकार. घरात कोणाला तरी सर्दी झाली, मग अलिनाला ताप आणि धाप, मग दवाखाना, मग आमची लॅब. औषधांनी थोडं बरं वाटायचं, पण प्रत्येक वेळी ती आधीपेक्षा थोडी खालीच राहायची.

दुसऱ्या रिपोर्टाच्या वेळी माझ्या लक्षात एक गोष्ट आली. त्या तपासणीत रक्तातली एकूण प्रथिनं मोजतात आणि त्यातलं अल्ब्युमिन वेगळं मोजतात. एकातून दुसरं वजा केलं की जे उरतं त्याला ग्लोब्युलिन म्हणतात. शरीराची रोगाशी लढणारी प्रतिद्रव्यं त्यातच असतात. तो आकडा कोणी फारसा बघत नाही, रकान्यात असतो इतकंच. तान्ह्या बाळात तो कमीच असतो, कारण आईकडून आलेली प्रतिद्रव्यं संपत येतात आणि स्वतःची अजून तयार व्हायची असतात. पण नंतर तो हळूहळू वर चढायला हवा. अलिनाचा खाली गेला होता.

मी रजिस्टर उघडून पहिला आकडा पाहिला. पुन्हा दुसरा पाहिला. मनात म्हटलं, डॉक्टरबाईंना दिसेलच. आपण कोण? आणि रिपोर्ट पाकिटात घालून दिला.

डॉक्टरबाईंच्या दारात रोज साठ-सत्तर मुलं. त्या दिवशी अलिनाचा श्वास सांभाळायचा की कोपऱ्यातल्या रकान्यातलं वजाबाकीचं उत्तर बघायचं? त्यांनी श्वास सांभाळला. मी त्यांना दोष देत नाही. पण त्यानंतरच्या महिन्यात अलिना नऊ दिवस ऑक्सिजनवर होती. तिसऱ्यांदा तिचं रक्त माझ्याकडे आलं, ते थेट वॉर्डातून. ग्लोब्युलिन आणखी खाली.

त्या दुपारी मी जेवणाचा डबा तसाच ठेवला आणि डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात गेले. इतक्या वर्षांत मी असं कधी केलं नव्हतं. तिन्ही आकडे एका कागदावर एकाखाली एक लिहून नेले होते.

"बाई, माझं काम नाही हे. पण हे एकदा बघाल का?"

त्यांनी बघितलं. मग खुर्चीत मागे टेकल्या. "हे तुम्हाला कधी दिसलं?"

"दुसऱ्या वेळी."

त्यांनी पेन उघडलं. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. लगेच त्यांनी प्रतिद्रव्यांची तपासणी लिहिली. ती आली, आणि जवळजवळ काहीच नव्हतं. छातीच्या फोटोत दोन्ही फुप्फुसं पहाटेच्या खाडीसारखी धूसर दिसत होती. डॉक्टरबाईंनी मुंबईतल्या एका मोठ्या हॉस्पिटलमधल्या तज्ज्ञांना फोन केला. ते म्हणाले, जनुकांची तपासणी करायला हवी. बाळाचं रक्त पाठवा, आईवडिलांचंही पाठवा.

नासिर समुद्रावर होता. बोट बंदराला लागली तसा तो कपडेही न बदलता आला. सहा फूट उंच माणूस, तळहातांना जाळ्याच्या दोरांचे घट्टे. सुई बघितल्यावर त्यानं तोंड भिंतीकडे केलं, डोळे मिटले आणि ओठांतल्या ओठांत दुवा पुटपुटायला लागला. रुबिना त्याही अवस्थेत हसली. "वादळात बोट सांभाळतो म्हणे हा!"

अलिनाची शीर मात्र सापडेना. नऊ दिवसांच्या सलाइनांनी सगळ्या शिरा बसल्या होत्या. हातावर एकदा प्रयत्न केला, थेंबभर रक्त आलं आणि थांबलं. माझा नियम असा, की तान्ह्या बाळाला दोनदाच टोचायचं. दुसरी खेप फुकट गेली तर हात धुवायचे आणि दुसऱ्या दिवशी बोलवायचं. पण कुरियर त्याच संध्याकाळी जायचं होतं आणि दुसऱ्या दिवसाचा भरवसा मला वाटत नव्हता. मी नवी सुई काढली.

दादी तोवर कोपऱ्यात बसली होती. ती उठून पुढे आली. "ताई, जरा थांबा. तिचा हात बर्फ झालाय, शीर कशी येल?" तिनं अलिनाचा एवढासा हात आपल्या दोन्ही तळव्यांत धरला आणि त्यावर हळूहळू फुंकर घालत बसली. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मग तिनं तळवे उघडले आणि करंगळीच्या खाली, मनगटाजवळ, फिकट निळी एक रेघ दिसली. मी बारीक सुई घातली. जांभळ्या झाकणाची नळी खुणेपर्यंत भरली. मी लहानपणापासून देवाचं करते, पण त्या वेळी तोंडातून "अल्ला" निघालं. दादीच्या ऐकण्यात आलं, पण तिनं मला ओशाळवाणं वाटू दिलं नाही.

रिपोर्ट यायला काही आठवडे लागले. तोवर अलिनाला दर महिन्याला प्रतिद्रव्यांचं सलाइन द्यायला सुरुवात झाली होती. रुबिना त्या काळात एकदा एकटीच माझ्याकडे आली. रक्त द्यायचं नव्हतं, काही न्यायचंही नव्हतं. बाकावर बसली.

"ताई, एक विचारू? सातव्या महिन्यात मला आठवडाभर ताप होता. तरी मी मासळी निवडाया जात होते. तो ताप पोटातल्या पोटात हिच्यात गेला असंल काय? माझ्याच्यान झाला काय ह्या?"

मला ठाऊक नव्हतं. तसं सांगितलं. तिनं मान डोलावली आणि निघून गेली. जाताना चपला घालायला विसरली, परत आली, घातल्या आणि गेली.

रिपोर्ट आमच्या लॅबच्या ईमेलवर आला. नियम काहीही असो, मी तो उघडला. बारा-तेरा पानं. मला एकच ओळ ठळक दिसली. ओएएस वन नावाच्या जनुकात बदल. हे नाव मी आयुष्यात पहिल्यांदा वाचत होते. छापून डॉक्टरबाईंकडे नेला. त्यांनीही मुंबईच्या तज्ज्ञांशी तासभर बोलून मग रुबिना, नासिर आणि दादीला बोलावलं. मला म्हणाल्या, "तुम्हीही बसा."

त्यांनी जे सांगितलं ते मी माझ्या भाषेत लिहिते. माणसाच्या एखाद्या पेशीत विषाणू शिरला, की ती पेशी आजूबाजूला खबर देते. त्या खबरीला इंटरफेरॉन म्हणतात. ती पोचली, की शेजारच्या पेशी ओएएस वन हे जनुक जागं करतात आणि त्यावरून एक एन्झाइम तयार करतात. ते एन्झाइम नुसतं सज्ज असतं. विषाणूचं साहित्य प्रत्यक्ष सापडलं, तरच ते पुढची कळ दाबतं. मग पेशीतले सगळे निरोप कापून टाकले जातात, काम बंद होतं आणि विषाणूला आपली पिल्लावळ वाढवता येत नाही. आपल्या सगळ्यांमध्ये हे चालू असतं, साध्या सर्दीतसुद्धा. आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. अलिनाच्या त्या जनुकाच्या लांबलचक मजकुरात एकच अक्षर बदललं होतं. त्यामुळे तिचं एन्झाइम विषाणू सापडायची वाट बघत नव्हतं. खबर आली की लगेच कळ दाबायचं. फुप्फुसं साफ ठेवणाऱ्या तिच्या स्वतःच्याच पेशी त्यात निकामी व्हायच्या, प्रतिद्रव्यं बनवणाऱ्याही. फुप्फुसात चिकट द्रव साचत जायचा.

रुबिना लक्ष देऊन ऐकत होती. म्हणाली, "म्हणजे सर्दी तिला नाय मारत. सर्दीशी लढाया जो उठतो, तोच मारतो."

"अगदी बरोबर," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"आणि ह्या आला कुठून?"

डॉक्टरबाईंनी शेवटची दोन पानं पुढे ठेवली. "तुझ्या रक्तात हा बदल नाही. नासिरच्याही नाही. बाळ पोटात रुजताना ते अक्षर नव्यानंच बदललं. तुझ्या तापानं नाही, मासळीनं नाही, कोणाच्या काही करण्यानं नाही."

"परत बोला," रुबिना म्हणाली.

डॉक्टरबाईंनी परत सांगितलं.

"अजून एकदा."

तिसऱ्यांदा ऐकल्यावर तिनं ओढणीनं तोंड पुसलं. दादीनं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तसाच ठेवून बसली. नासिर खिडकीतून बाहेर बघत होता. त्याचे खांदे हलत होते.

उपाय एकच होता, अस्थिमज्जा बदलणं. हाडांच्या आतला तो मऊ भाग, जिथे रक्त तयार होतं. फुप्फुसं साफ करणाऱ्या पेशीही तिथूनच येतात. म्हणून जुनी मज्जा औषधांनी संपवायची आणि दुसऱ्या कोणाची तरी चांगली मज्जा घालायची. ती जुळायला हवी, आणि सख्ख्या भावंडांत जुळण्याची शक्यता चारात एक. अलिनाला एकच बहीण, सना, सात वर्षांची.

सना शाळेच्या गणवेशात आली. बाही वर करून दोन्ही हात टेबलावर ठेवले. "ताई, कुठला हात पाहिजे?"

"ज्या हातानं लिहीत नाहीस तो."

तिनं विचार केला. "मग डावा घ्या. पण दुखला तर संध्याकाळपर्यंत बरा होईल ना? अलिनाला मी डाव्या कडेवर घेते."

बरा होईल, असं मी सांगितलं. त्या दिवशी सुई मी इतकी हळू घातली, की सनालाच वाट बघून कंटाळा आला.

जुळली. पूर्ण जुळली. डॉक्टरबाईंचा फोन आला तेव्हा मी एका बाईंचं रक्त काढत होते. हातात सुई होती म्हणून फोन खांद्यावर धरून फक्त "बरं" म्हटलं. त्या बाईंनी विचारलं, "काही वाईट बातमी?" मी म्हटलं, "नाही हो. फार चांगली. दंड सैल सोडा."

मुंबईला ते सगळे जवळजवळ चार महिने होते. खर्चाचं डॉक्टरबाईंनी आणि तिथल्या हॉस्पिटलमधल्या समाजसेविकेनं मिळून बघितलं. सनाच्या कमरेच्या हाडातून मज्जा काढली आणि ती सलाइनच्या पिशवीतून अलिनाला दिली. त्यानंतर वाट बघायची. जुन्या पेशी संपलेल्या, नव्या अजून रुजलेल्या नाहीत, अशा मधल्या दिवसांत बाळाजवळ लढायला काहीच नसतं. रुबिना रोज सकाळी मला फोन करायची आणि पांढऱ्या पेशींचा आकडा वाचून दाखवायची. आकडा समजणारं ओळखीचं माणूस तिला मीच होते.

"ताई, आज शून्य."

"बरं."

"आज पण शून्य. ताप हाय."

"बरं. तू जेवलीस का?"

एकदा आकडा सांगून झाल्यावरही तिनं फोन ठेवला नाही. तेव्हा मी बोलले. दुसरा रिपोर्ट, खाली गेलेला तो आकडा, पाकिटात घालून दिलेला कागद, ते नऊ दिवस. सगळं सांगितलं. फोनवर सांगणं भित्रेपणाचं होतं, हे मला कळत होतं. समोर असती तर मी सांगितलं नसतं.

रुबिना म्हणाली, "आमच्या घरात सहा माणसा रोज तिला बघत होती, ताई. आमाला कुणाला दिसला नाय. तुमाला दिसला. उशिरा दिसला, पण दिसला." मग म्हणाली, "डॉक्टर आले. ठेवते."

त्या बोलण्यानंतर चौथ्या दिवशी फोन आला तेव्हा तिचा आवाजच वेगळा होता. "ताई, दोनशे! काल शून्य होता, आज दोनशे! दोनशे चांगला ना?"

निरोगी माणसाचा हाच आकडा हजारांत असतो. पण मी म्हटलं, "फार चांगला." आणि आत जाऊन तोंड धुतलं.

पुढे सगळं सरळ झालं असं नाही. पुरळ उठलं, जुलाब झाले, दोनदा परत मुंबईला जावं लागलं. पण फुप्फुसं हळूहळू मोकळी झाली. प्रतिद्रव्यांची सलाइनं बंद झाली. अलिना उशिरा बसायला लागली, उशिरा चालायला लागली, आणि एकदा चालायला लागल्यावर मात्र कोणाला सापडेना.

मी निवृत्त व्हायच्या काही महिने आधी रुबिना दोन्ही मुलींना घेऊन आली. अलिना साडेतीन वर्षांची झाली होती. बालवाडीच्या फॉर्मवर रक्तगट लिहायचा होता.

रक्तगट बघणं आमच्या कामातलं सगळ्यात सोपं. बोटाला टोचायचं, काचेवर तीन थेंब घ्यायचे, तिन्हींत वेगवेगळी औषधं घालायची आणि कुठे गुठळ्या होतात ते बघायचं. मी केलं. ओ पॉझिटिव्ह आला. सवयीनं जुनं रजिस्टर काढलं, तर त्यात माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, बी पॉझिटिव्ह. बत्तीस वर्षांत माझा रक्तगट कधी चुकला नव्हता. पुन्हा बोटाला टोचलं, नवी काच घेतली. पुन्हा ओ. मग क्षणभरानं डोक्यात प्रकाश पडला, आणि मी सनाचं पान काढलं. ओ पॉझिटिव्ह.

रुबिनाला समजावून सांगितलं, की रक्त तयार करणारी मज्जाच आता सनाची आहे, म्हणून अलिनाचा गटही बदलला. मुंबईच्या कागदांत लिहिलं असेलच, पण कागद वाचणं वेगळं आणि काचेवर बघणं वेगळं. रुबिना ती काच बराच वेळ उजेडात धरून बघत राहिली.

दहा वर्षांची सना लगेच बहिणीकडे वळली. "ऐकलास? तुझ्या अंगातला रक्त माझा हाय."

अलिनानं दोनदा टोचलेलं बोट मुठीत लपवलं आणि पाय आपटून ओरडली, "नाय! माझा हाय!"

"माझा."

"माझा!"

बाहेर बाकावर बसलेली माणसं आत डोकावून बघायला लागली. "तुमीच सांगा ताई, कुणाचा ते," रुबिना हसत म्हणाली. मी सांगितलं नाही. फॉर्म पुढे ओढला, अलिनाच्या नावासमोर ओ पॉझिटिव्ह लिहिलं, सही केली आणि लॅबचा शिक्का जरा जास्तच जोरात मारला.